त्रुफेनाची बायको

माझ्या नवऱ्याने सहा मॅरेथॉन जिंकल्या, आणि माझा नवरा बाई होती. हे ऐकलं की परगावचे पाहुणे चहाचा कप हवेतच धरून बसतात. आम्हा नांदी जमातीच्या लोकांत कुणी बसत नाही. ज्या बाईला मुलगा नाही, तिने गायी द्यायच्या आणि दुसरी बाई बायको म्हणून घरात आणायची. त्या बायकोला जी पोरं होतील ती पहिलीची. तीच बाप, तिचीच जमीन पोराला. पोरांचा जन्मदाता कोण, हे विचारायची पद्धत नाही. तो येतो, जेवतो, जातो. लग्न लागलं की ती बाई चारचौघांत पुरुष. मग तिने पाणी भरायचं नाही, चुलीला हात लावायचा नाही, गाईखाली बसायचं नाही. म्हाताऱ्यांमध्ये खुर्ची टाकून बसायचं आणि लोकांच्या घरात नाक खुपसायचं. हे शेवटचं काम त्रुफेना जेमेली फार मनापासून करायची.

तिने मला पहिल्यांदा पाहिलं ते तालुक्याच्या मैदानावर. मी तेव्हा वीस वर्षांची होते, शाळा संपवून मळ्यावर चहा खुडायला जात होते. पाच हजार मीटरला मी अनवाणी पहिली आले, दुसरीला अर्ध्या फेरीने मागे टाकून. बक्षीस म्हणून एक घोंगडी आणि एक थर्मास होता, आणि ते द्यायला प्रमुख पाहुणी म्हणून आली होती त्रुफेना. उंच, वाळकी, डोक्यावर पुरुषाची टोपी. आमच्या शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र होतं, दोन्ही हात वर केलेलं. तिने थर्मास माझ्या हातात दिला आणि तो सोडलाच नाही.

"किती भावंडं तुम्ही?" तिने विचारलं.

"नऊ."

"त्यात भाऊ किती?"

"सहा."

"आई सगळ्यांच्या वेळी घरीच बाळंत झाली? की दवाखाना?"

"घरीच."

ती मान हलवत राहिली. मला वाटलं, मोठे लोक असंच विचारत असतील, दमसास घराण्यात असतो म्हणतात. मी नाचत घरी गेले. चहाच्या मळ्यावर सगळ्यांना सांगून टाकलं की त्रुफेना मला शिकवणार आहे. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

दोन रविवारांनी चार म्हातारे आमच्या अंगणात येऊन बसले. मी चहा नेऊन दिला, तेव्हा सात गायींचं बोलणं चाललं होतं. मी चुलीशी आले आणि आईला विचारलं, "शिकवायला एवढ्या गायी कशाला लागतात?"

आई म्हणाली, "अगं वेडे, तुला मागणी आलीय."

"कुणाची?"

"त्रुफेनाची."

"तिच्या भावाची?"

"तिची."

मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. मग त्रुफेना स्वतः आली. बापासमोर मला म्हणाली, "मुलगा झाला की मी तुला तयार करीन. माझ्या हाताने. माझ्यापेक्षा जोरात पळशील. हे मी देवाच्या साक्षीने बोलतेय." बाप म्हणाला, "अजून काय पाहिजे तुला? नवरा मिळतोय आणि गुरूही." मला ते खरं वाटलं. आता कुणी हसलं तर हसू दे, पण वीस वर्षांच्या मुलीला कुणीतरी सांगावं लागतं की तू जोरात पळशील, आणि माझ्या आयुष्यात ते म्हणणारी ती एकटीच होती.

तिची हकीकत मला तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि उरलेली गावाकडून न विचारता. ती लहानपणी शाळेत पळत जायची, पण तसे आम्ही सगळेच जातो, त्यात काही नाही. खरं कारण तिची सावत्र आई. ती सकाळी घराला कडी लावून निघायची, आणि पोरगी शाळेतून उशिरा आली तर भाकरी संपलेली असायची. त्रुफेना म्हणायची, "मला कुणी शिकवलं नाही. मला भुकेने शिकवलं." पुढे तिला सरकारी नोकरी मिळाली. काम एकच, खात्याच्या नावाने पळायचं. योसफात सितिएनेईशी लग्न झालं. तो चहाच्या कारखान्यात कारकून होता, गोड बोलायचा, बूट पॉलिश केलेले असायचे.

मग ती जपानला पळाली, इटलीत पळाली, आणखी कुठे कुठे. दर वेळी परत आली की विमानतळावर योसफातचे भाऊ तुंब्यातलं आंबवलेलं दूध घेऊन उभे. जिंकून आलेल्याला ते दूध पाजायचं, ही आमची रीत. फोटोत पाहा, सहाही वेळा तुंबा धरलेला हात योसफातचा धाकटा भाऊ एलिजा याचाच आहे. आलेल्या पैशातून नदीकाठची बारा एकर घेतली. निळ्या पत्र्यांचं घर बांधलं. कागद योसफातच्या नावावर. मी एकदा विचारलं, "अहो, तुमच्या नावावर का नाही केलीत?" ती म्हणाली, "तेव्हा कचेरीतला माणूस म्हणाला, नवऱ्याला बोलवा. मी बोलवलं."

मुलाचं ती पुढे ढकलत राहिली, म्हणजे योसफात ढकलत राहिला. 'ही शर्यत होऊ दे.' 'पुढच्या वर्षी बघू.' तीन वेळा दिवस गेले, तिन्ही वेळा मूल पोटातच गेलं, तिसऱ्यांदा तर विमानात. पाय चालेनासे झाले तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. शेवटची शर्यत हरून ती घरी आली, तेव्हा निळ्या पत्र्यांखाली शहरातली एक बाई तिचा झगा घालून उकडलेली मक्याची कणसं खात बसली होती. ही गोष्ट त्रुफेनाने मला दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा कणसांवरच अडकली. "दाण्यांचा कचरा माझ्या गालिच्यावर होता," असं म्हणायची. ती शहरातली पुढे पळाली. दोन वर्षांनी योसफात दारू पिऊन रस्त्यावर ट्रकखाली गेला. आणि तेराव्या दिवशी एलिजा दोरी घेऊन जमीन मोजायला आला. "वहिनी, तुम्ही राहा की, कोण नको म्हणतंय? पण घराला मुलगा नाही. आणि वंश नाही तर जमीन नाही, हे काय मी ठरवलंय?"

म्हणून मी. दोरी गुंडाळून ठेवायला मी आणली गेले.

पहिली मुलगी झाली. त्रुफेनाने तिला उचललं, पाहिलं, परत दिलं. "पुढच्या वेळी." दुसरी मुलगी झाली. "पुढच्या वेळी." एलिजा येऊन दोन्ही पाळण्यांत डोकावला आणि म्हणाला, "छान. जावई चांगले मिळतील." मी दूध घालायला चहाच्या कारखान्यावर जाताना कॅन डोक्यावर नाही, पाठीवर बांधायला लागले, आणि परतीची रिकामी वाट पळत यायला लागले. पाच किलोमीटर. कुणी पाहिलं तर म्हणायचं, गाय सुटली.

तिसऱ्याला मुलगा झाला. त्रुफेना, जिने सहा मॅरेथॉन जिंकताना कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही, ती खुर्चीतून उठून घराच्या मागे गेली आणि तिथे भिंतीला धरून रडली. किप्तू नाव ठेवलं. एलिजा आला नाही.

आणि शब्दाला जागली, हे मला सांगायलाच हवं. तिला नावं ठेवणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे, पण हे खरं आहे. किप्तू नऊ महिन्यांचा झाल्यावर एका पहाटे ती बुटांची जोडी घेऊन आली आणि म्हणाली, "चल." दीड वर्ष तिने मला पळवलं. ती भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसायची, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताने चालवणाऱ्याची कॉलर धरलेली, आणि ओरडायची, "खांदे! तुझे खांदे कानाला लागलेत, कोणी मेलंय का?" लाल मातीचा रस्ता, कारखान्यापासून नदीपर्यंत उतार आणि नदीपासून चर्चपर्यंत चढ, पुन्हा पुन्हा. मला घड्याळ बांधू द्यायची नाही. "वेळ बघणारी पोरगी पाय विसरते. वेळ माझ्याकडे. पाय तुझ्याकडे." सगळे शिकवणारे असंच करतात आमच्याकडे. पळणाऱ्याने हुकूम ऐकायचा, वेळ सांगणाऱ्याने वेळ सांगायची. तेवढाच विश्वास असतो, आणि तो पुरतो.

एकदा, शर्यतीच्या आठवड्यात, मी पळून आले तर स्वयंपाकघराचं दार आतून बंद. फटीतून पाहिलं. माझा नवरा, गावासमोर पुरुष, चुलीपुढे उकिडवी बसून माझ्यासाठी बाजरीची पेज ढवळत होती. कुणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं असतं. मी दार वाजवलं नाही. अंगणात जाऊन थांबले. पेज गुठळ्यागुठळ्यांची झाली होती, पण मी सगळी प्यायले. त्या आठवड्यात मला ती फार आवडत होती. हे सांगताना आजही तोंड कडू होतं.

शर्यत आमच्या गावची, एकवीस किलोमीटरची. तिथला बायकांचा विक्रम त्रुफेनाचा, एक तास अकरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. सतरा वर्षं कुणी हात लावला नव्हता. त्या वर्षी बेनेदेत्तो नावाचा इटलीचा मॅनेजर आला होता. पहिल्या दोघींना तो नेणार होता, तिकडे शर्यती, वर्षभराचं शिबिर. पहिल्या दोन. माझं सगळं त्या दोनच्या आकड्यावर होतं. मी अठ्ठावीस वर्षांची. पुढच्या वर्षी घेतील न घेतील.

विक्रमवाली म्हणून त्रुफेनाला बायकांच्या पुढे चालणाऱ्या उघड्या पिकअप गाडीत मान देऊन उभं केलं होतं. मला बरंच वाटलं. वेळ सांगायला आपलंच माणूस.

सुरुवातीला पुढच्या घोळक्यात आम्ही पाच जणी होतो. मग चार. पाय असे चालले होते की मला स्वतःचा हेवा वाटत होता. पाच किलोमीटरची पाटी आली, आणि पिकअपमधून ती ओरडली, "सोळा पाच! राएल, सोळा पाच! मरायचंय का?"

सोळा मिनिटं पाच सेकंद म्हणजे वेडेपणा. त्या वेगाने आमच्या चढांवर कोणीच टिकत नाही. पण छाती तर शांत होती, श्वास लागला नव्हता. मला वाटलं, शरीर फसवतंय. शरीर फसवू शकतं, त्रुफेना नाही. मी वेग कमी केला. दोघी पुढे गेल्या. दहाला ती पुन्हा ओरडली, "बत्तीस चाळीस! अजून जोरात आहेस! चढ पुढे आहे!" मी आणखी आवरलं. पुढच्या दोघींच्या पाठी लहान होत गेल्या आणि मी मनात म्हणत होते, जा, जळाल चर्चच्या चढावर, मी येतेच. त्या जळल्या नाहीत. तिसरीही मला शेवटी मागे टाकून गेली. मी चौथी आले. एक तास चौदा मिनिटं.

त्रुफेना पिकअपमधून उतरली, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. "सांगत होते ना? पहिल्या पाचातच संपवलंस स्वतःला. जाऊ दे. अंगात नसतं सगळ्यांच्या." मी तिचे पाय धरले. खरंच धरले. म्हणाले, "माफ करा. तुमचं दीड वर्ष फुकट घालवलं."

दुपारी रस्त्याकडेच्या हॉटेलात मी चहा घेत बसले होते, घरी जायचं धैर्य नव्हतं. दुसरी आलेली लिनाह समोर येऊन बसली. मळ्यावरचीच मुलगी, हसरी, मनगटावर स्वस्तातलं मोठं घड्याळ. म्हणाली, "तुला पाचला झालं तरी काय? रस्त्यात साप दिसल्यासारखी थांबलीस."

"सोळा पाचला आले होते. जळाले असते."

"कोण म्हणालं सोळा पाच? सोळा अठ्ठावन्न होते. मी पाहिलं ना, मी तुझ्या खांद्याशी होते. मनात म्हटलं, आज म्हातारीचा विक्रम जातोय आणि राएल घेऊन जातेय."

"आणि दहाला?"

"तू मागे होतीस, पण मी चौतीसच्या आतबाहेर होते. का गं?"

मी चहा तसाच ठेवला आणि उठले. घरापर्यंत सात किलोमीटर चालत गेले. वाटेत मी स्वतःला समजावत होते की लिनाहचं घड्याळ बिघडलं असेल. त्रुफेना अंगणात आपल्या खुर्चीवर होती. धारेची वेळ झाली होती. मी बादली घेतली, गोठ्यात जाऊन गाईखाली बसले. ती कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. आत यायचं नाही, तिला मुभा नव्हती.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"पाचला किती झाले होते?"

"तेव्हा सांगितलं ना."

"पुन्हा सांगा."

"सोळा पाच."

"लिनाहच्या घड्याळात सोळा अठ्ठावन्न होते."

"लिनाहचं घड्याळ बाजारातलं आहे."

मी धार काढत राहिले. बादलीत दूध पडण्याचा आवाज होत होता. ती गेली नाही. मी वर न बघता म्हणाले, "त्रुफेना." आठ वर्षांत मी तिला नावाने हाक मारली नव्हती. "कुणाचं घड्याळ खरं?"

बराच वेळ ती कुंपणाची काठी नखाने सोलत राहिली. मग म्हणाली, "लिनाहचं."

"विक्रमासाठी केलंस?"

"विक्रम?" ती खरोखरच चिडली. "घेऊन जा तो विक्रम! तो काय मला म्हातारपणी पाणी देणार आहे? मला भीती वाटली. तू पाचला आलीस, मी घड्याळ पाहिलं, आणि मला कळलं की तू जाणार."

"परत आले असते."

"मीसुद्धा परत यायचे, राएल. दर वेळी आले. दूध पाजायला सगळे हजर. आणि घर? घर तोवर दुसऱ्याचं झालेलं. पळणाऱ्या बाईचं घर राहत नाही, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू गेलीस तर पोरं कोणाकडे? माझ्या हाताला स्वयंपाक नाही. एलिजा उद्याच आला असता, म्हणाला असता, बायको पळाली, लग्न मोडलं."

"मग पळणारी आणलीसच का? मैदानावर शंभर पोरी होत्या. लंगडी आणायची होतीस एखादी."

ती हळूच बोलली, "मुलगा पळणारा हवा होता."

मी बादली उचलली आणि सगळं दूध तिच्या पायांवर ओतलं. गाय बिथरली. त्रुफेना हलली नाही. तिच्या बुटांतून दूध बाहेर येत होतं.

मी बापाकडे गेले. बाप म्हणाला, "जायचं तर जा, पण पोरं तिची. तिन्ही. हे तुला माहीत आहे." माहीत होतं. चौथ्या दिवशी मी परत आले. किप्तूला ताप होता.

इथपर्यंत सगळा दोष तिचा. इथून पुढचं मी कुणाला सांगत नाही.

त्रुफेना बदलली. म्हणजे, तिला झोप लागेना. ती पहाटे उठून माझे बूट दारात ठेवायची. मी बूट ओलांडून गोठ्यात जायची. तिने आपलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, तिचं जपानचं, चांदीच्या पट्ट्याचं. "आता वेळही तुझ्याकडे." मी ते वासराच्या गळ्यात बांधलं. चार दिवस वासरू वेळ घेऊन हिंडत होतं, मग घड्याळ मळ्यात कुठेतरी पडलं. ती ढासळत होती आणि मला ते बघायला आवडत होतं.

आठ महिन्यांनी ती स्वतः शहरात गेली आणि बेनेदेत्तोला घरी घेऊन आली. अंगणात तीन खुर्च्या. एलिजालाही बोलवलं होतं, घरातला आता तोच थोरला म्हणून. मी चहा आणला. बेनेदेत्तोला आमची भाषा मोडकीतोडकी यायची. तो म्हणाला, "राएल, त्रुफेना सांगते तू पळू शकतेस. मी म्हणतो, चौथी आली होती."

मी ट्रे धरून उभी राहिले. म्हणाले, "खरं आहे. मला नाही जमत. मी पाच किलोमीटरमध्येच जळते. विचारा माझ्या नवऱ्याला, तेच होते पुढे घड्याळ घेऊन."

एलिजाने कप खाली ठेवला. त्रुफेनाने माझ्याकडे पाहिलं. मी काय करतेय ते तिला कळलं होतं. ती उठून उभी राहिली, टोपी काढली, आणि दिरासमोर, परक्या माणसासमोर म्हणाली, "ती जळली नाही. मी तिला खोटी वेळ सांगितली. दोनदा. ती माझा विक्रम मोडत होती." बेनेदेत्तोला समजेना, तेव्हा तिने तेच पुन्हा सावकाश सांगितलं, बोटांवर सेकंद मोजून. एलिजा दात काढून हसला. "वा, वहिनी! दूध पाजायला हवं तुम्हाला!" ती तशीच उभी राहिली. "पोरं मी सांभाळीन," ती मला म्हणाली. "चूलही पेटवीन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. तू जा. वर्षभर जा. मी हात जोडते."

बेनेदेत्तोने पिशवीतून कागद काढले. म्हणाला, "असं असेल तर मार्चमध्ये. परीक्षा नको. फक्त सही."

पेन माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी सगळं पाहिलं. कागद पाहिला, पेन पाहिलं, आणि मग तिचा चेहरा पाहिला. सहा मॅरेथॉन जिंकलेली बाई डोकं उघडं टाकून उभी होती, आणि तिला जगात एकच गोष्ट हवी होती, की मी हो म्हणावं. आणि ते माझ्या हातात होतं.

"मला घर सोडवत नाही," मी म्हणाले, आणि ट्रे घेऊन आत गेले.

स्वयंपाकघरात मी ट्रे खाली ठेवला. मी स्वतःला सांगितलं, आता जाऊन सही करते. चहा पुन्हा गरम करते आणि जाते. मी चहा खरंच पुन्हा गरम केला. बाहेर आले तर बेनेदेत्तोची गाडी फाटकातून वळत होती. हाक मारता आली असती. पळता तर नक्कीच आलं असतं. आमच्यात म्हणतात त्या अर्थाने मी माझंच नाक कापलं होतं, आणि अपशकुन कसा झाला ते बघत फाटकाशी उभी होते.

तिने आणखी दोन वर्षं बूट दारात ठेवले. मग ठेवायची थांबली. दहा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, जेवणाचं आणि गुरांचं बोलायचो. किप्तूला पळायला आवडत नाही, त्याला पायात काटा मोडला तरी तो आठ दिवस पडून असतो. मुली पळतात, पण त्यांना शिकवायला त्रुफेनाला मी अंगणापलीकडे जाऊ दिलं नाही. शेवटी तिचं पोट दुखायला लागलं आणि चार महिन्यांत ती गेली. मीच तिला धुतलं, मीच पुरायचे कपडे घातले. तिच्या पिंढऱ्या शेवटपर्यंत तशाच होत्या, दगडासारख्या.

मयताला मोठी माणसं आली. सहाही शर्यतींची नावं लाऊडस्पीकरवर वाचली. किप्तूने मुलगा म्हणून पहिली माती टाकली, आणि एलिजाने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे जमीन राहिली. तिला जे हवं होतं ते तिने मिळवलं.

लिनाह स्वतःच्या गाडीतून आली होती. तिचं शहरात दुमजली घर आहे, इटलीत दोनदा जिंकली. जेवणाच्या मांडवात ती माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेतला. "एक विचारू, राएल? बेनेदेत्तो तेव्हा म्हणायचा, तुला बोलावलं होतं. तू का आली नाहीस?"

एलिजा समोरच बसला होता, ताटात मांस घेऊन. त्याने मान वर केली.

"त्रुफेनाने येऊ दिलं नाही," मी म्हणाले.

लिनाहच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली, आणि कबरीकडे बघून तिने जिभेचा टच् असा आवाज केला. एलिजा माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग त्याने हाड उचललं आणि जेवायला लागला.